आधी पाणी, मग बाकीचं सामान

थरच्या वाळवंटात मोटरसायकलने जायचं आणि एखादी रात्र हॉटेलात न काढता उघड्या वाळूत तंबू ठोकून काढायची, ही हौस आता महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यांमध्ये चांगलीच रुजली आहे. दिवाळी उलटली की जैसलमेरच्या रस्त्यावर एमएच पासिंगच्या गाड्या दिसू लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर मागचा दिवा झाकला जाईल इतकं सामान बांधलेलं असतं. ‘सामान कमी ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. ते कशासाठी कमी करायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. सह्याद्रीत ट्रेकला जाताना आपण पाठ आणि गुडघे वाचावेत म्हणून सॅक हलकी करतो. वाळवंटातलं कारण वेगळं आहे. तिथे एक वस्तू अशी आहे की ती कितीही पैसे खर्चून हलकी होत नाही, आणि ती म्हणजे पाणी. तंबू तीन किलोंऐवजी दीड किलोचा मिळतो, स्लीपिंग बॅग निम्म्या वजनाची मिळते. एक लिटर पाणी मात्र एक किलोच भरतं. म्हणून यादी तंबूपासून सुरू न करता पाण्यापासून सुरू करावी, पाण्याचं वजन आधी मांडून उरलेल्या जागेत बाकीचं बसवावं, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याला जोडून दुसरंही: आपल्या गाडीवरचं जे ओझं आपण उतरवतो, ते तिथल्या माणसांच्या आणि झाडांच्या माथी मारू नये.

आधी हिशोब पाहू. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला दिवसा २४-२५ अंश आणि रात्री सात-आठ अंश तापमान असतं. हवा सुखद वाटते, त्यामुळे तहान लागलेली कळत नाही. पण कोरडा वारा, अंगातलं जाड जॅकेट आणि वाळूत गाडी सावरताना गळणारा घाम यांमुळे माणसाला दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. स्वयंपाक, तोंड धुणं धरून दोन दिवस आणि एका रात्रीसाठी बारा लिटर, आणि गाडी फसून एक दिवस वाढला तर म्हणून तीन लिटर वर. म्हणजे पंधरा किलो झाले, अजून एक कपडाही ठेवलेला नाही. उन्हाळ्यात हा हिशोबच कोलमडतो. याच थरच्या कडेला असलेल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदवलं गेलं. तसल्या उन्हात मेहनत करताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि तेवढं पाणी दुचाकीवर वाहून नेणं शक्यच नाही. सामान हलकं करण्याची पहिली पायरी म्हणूनच योग्य महिना निवडणं ही आहे. पेट्रोलचं गणित त्यामानाने सोपं. जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत हा फेरा डांबरी रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आत बसतो. पंधरा लिटरची टाकी भरून निघालेल्या गाडीला तो जड नाही. पाच लिटरचा जादा कॅन बहुतेक वेळा भीतीपोटी घेतला जातो, आणि त्याचे चार किलो पाण्याला देता येतात.

आता वाळू. डांबरी रस्त्यावर वीस किलो जास्त असले तर इंजिन थोडं कुरकुरतं, एवढंच. वाळूत टायर तरंगतो किंवा रुततो, मधली अवस्था फार थोडी. टायर रुतला की चाक फिरण्याऐवजी नांगरत जातं, आणि ॲक्सिलरेटर पिळला की मागचं चाक स्वतःचाच खड्डा खणतं. उपाय ठरलेला आहे: हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. पण त्या वाटल्या जाणाऱ्या भाराचाच आकडा मोठा असेल तर हवा उतरवूनही फरक थोडाच पडतो. भार कुठे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. कॅरिअरवर, मागच्या चाकाच्या आसापलीकडे उंच बांधलेलं गाठोडं गाडीला शेपटासारखं हलवतं आणि हँडलवरचा ताबा सुटतो. पाण्याच्या पिशव्या टाकीच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि पुढे असाव्यात. आणि गाडी पडते, हे गृहीतच धरावं. पडलेली गाडी एकट्याने उचलायची म्हणजे आधी सामानाचे पट्टे सोडायचे, हँडल पूर्ण वळवून धरायचं, गाडीकडे पाठ करून बसायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत ती उभी करायची. त्यात टाचेखालची वाळू दर पावलाला सरकते. हिमालयन ही गाडी दोनशे किलोंच्या घरात, एक्सपल्स साधारण १५५ किलोंची. त्यावर तीस-चाळीस किलो असतील तर पहिल्यांदा गाडी उचलली जाते, चौथ्यांदा नाही, आणि प्रत्येक वेळी घामावाटे पाणी खर्च होतं. जड सामान अशा रीतीने पाणीही संपवतं.

हे सगळं नव्याने शोधलेलं नाही. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. मोटार जाऊच शकणार नाही असं ज्या वाळूच्या समुद्राबद्दल समजलं जाई, तो त्याने ओलांडला. त्यासाठी त्याने गाड्यांची मूळ बॉडी काढून टाकली आणि वाचलेलं वजन पेट्रोल-पाण्यासाठी वापरलं. टायरची हवा उतरवून चालवली. रेडिएटरमधून वाफेवाटे उडून जाणारं पाणीसुद्धा नळीने डब्यात नेऊन परत वापरलं. पुढे वाळू कशी वाहते यावर १९४१ साली त्याने लिहिलेलं पुस्तक आजही अभ्यासलं जातं. त्याने मोहिमा चैन सोडून केल्या असं नव्हे. कुठलं वजन कामाचं आहे, हे त्याने ठरवलं होतं.

मग काढायचं काय? सर्वांत आधी पत्र्याच्या पेट्या. त्या दिसतात रुबाबदार, पण फ्रेमसकट जोडी दहा-पंधरा किलोंची होते, आणि वाळूत गाडी आडवी झाली की पाय त्यांच्याखाली सापडण्याची भीती असते. जाड कापडी सॅडल बॅगा याच्या निम्म्याहून कमी वजनात तेवढंच सामान नेतात. दुसरं म्हणजे, पुण्याहून जैसलमेर हजारभर किलोमीटरच्या वर आहे. त्या प्रवासाचे कपडे, चार्जर, घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू हे सगळं वाळूत नेण्याचं कारण नाही. जैसलमेरच्या लॉजवर एक बॅग ठेवून रात्रीपुरतं सामान घेऊन निघता येतं. हत्यारांच्या पिशवीत आपल्या गाडीच्या नट-बोल्टना लागणारेच पाने असावेत. सबंध सेट नेण्यापेक्षा घरीच एकदा दोन्ही चाकं त्याच पान्यांनी खोलून पाहावीत. खाण्यातही पाण्याचा हिशोब आहे. डाळ-भात शिजवायला पाणी, भांडी घासायला पाणी. त्याऐवजी दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिवडा ही आपल्याकडची प्रवासाची जुनी शिदोरी वाळवंटातही चोख काम देते. चहापुरता छोटा गॅस आणि एक पातेलं पुरे. घडीची खुर्ची, कंदील, दुसरी पँट हे आपोआप गळतं.

‘पण ऐन वेळी काही लागलं तर?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला ‘धीर धरा’ हे उत्तर होऊ शकत नाही. काही वजनं काढताच कामा नयेत: हवा भरायचा पंप आणि मीटर, कारण उतरवलेली हवा डांबरावर येताच परत भरावी लागते; दोन्ही चाकांच्या ट्यूब, क्लचची केबल, ओआरएसची पाकिटं, प्रथमोपचार. साइड स्टँडखाली ठेवायला एक लाकडी चकती, नाहीतर उभी गाडी रात्रीतून रुतत जाऊन कलंडते. जमिनीवर घालायची चांगली मॅट हवी, कारण थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते. हलकं व्हायचं म्हणून तंबूच सोडून नुसत्या ताडपत्रीवर झोपणारे असतात. मला ते पटत नाही. कोकणात ज्याची धास्ती असते ते फुरसं थरमध्येही आहे, मण्यारीची जातही आहे, आणि मण्यार झोपलेल्या माणसालाच बहुधा चावते. ऐन थंडीत साप सुस्त असतात हे खरं, पण नोव्हेंबरच्या किंवा फेब्रुवारीच्या उबदार रात्रीची खात्री कोण देणार? तळ आणि चेनची जाळी असलेला छोटा तंबू हे वजन सत्कारणी लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावं आहेत, विहिरी आहेत, वाळकी लाकडंही मिळतात. मग पंधरा लिटर पाणी आणि गॅस वाहायचा कशाला? जैसलमेरला वर्षभरात २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घराशेजारच्या टांक्यात साठवलेलं पाणी त्या घराने पुढच्या पावसापर्यंत मोजून वापरायचं असतं. काही ठिकाणी जिप्समच्या थरावर अडकलेली ओल कुंईत, म्हणजे अरुंद विहिरीत, झिरपते आणि दिवसाला मोजकेच घडे देते. पाहुण्याला पाणी नाकारायचं नाही हा तिथला रिवाज आहे, म्हणून तर आपण मागताना विचार करायला हवा. अडचणीत मागावं, नियोजन म्हणून मागू नये. लाकडाचं तसंच. खेजडी म्हणजे आपली शमी. ती तोडू नये म्हणून १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांत फांदी तोडणंही निषिद्ध मानतात. शेकोटीसाठी ओरबाडलेलं झुडूप म्हणजे कोणाच्या तरी शेळ्यांचा चारा असतो. पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटं तिथेच टाकली तर तीही जनावरांच्या पोटात जातात. पाकिटं निघण्याआधीच काढून एका डब्यात खाऊ भरला तर जागाही वाचते.

जागा कुठली निवडायची यालाही मर्यादा आहेत. डेझर्ट नॅशनल पार्कचं ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्र नकाशावर मोकळं माळरान दिसतं, पण सोलापूरच्या नान्नजला जो माळढोक पक्षी आपण जवळजवळ गमावला, त्याचा तो शेवटच्या आसऱ्यांपैकी एक आहे; तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये. सीमेलगतच्या भागात कुठपर्यंत जाता येतं हे जैसलमेरच्या प्रशासनाला विचारून घ्यावं, आणि रात्री तिथे तंबू टाकण्याचा विचार सोडून द्यावा. परदेशी याद्यांमध्ये सॅटेलाइट फोन हमखास असतो. भारतात तो सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. त्याऐवजी लॉजच्या मालकाकडे एक कागद ठेवावा: कुठल्या वाटेने जाणार, कुठल्या वस्तीजवळ मुक्काम, गाडीचा नंबर, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं.