मेंदूला कळतो तो वेग

एप्रिल 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, रोहिणा गावात, मेफेड्रोन बनवण्याचा कारखानाच पकडला आणि 11 किलोंहून जास्त माल जप्त केला. त्याआधी नोव्हेंबर 2021 मध्ये नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यात एका ट्रकमधून 1,127 किलो गांजा सापडला, आणि पुढच्या काही दिवसांतच नांदेडच्या कामठा भागात 111 किलो डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा. अशा बातम्या वाचून नशा ही बाहेरून येणारी आणि पोलिसांनी पकडायची चीज आहे असं वाटू लागतं. ज्या पानटपरीवर ही बातमी वाचली जाते तिथेच कुणीतरी तळहातावर तंबाखू घेऊन, डबीतल्या चुन्याचं बोट लावून अंगठ्याने मळत असतो. त्याला नशा म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण पदार्थाचं नाव, त्याची किंमत आणि त्यावरचं कलम यांतलं मेंदूला काहीच कळत नाही. पदार्थ किती वेगाने पोचला आणि किती वेळा पोचला, हे मात्र त्याला नेमकं कळतं. व्यसन समजून घ्यायचं तर पदार्थाच्या नावापेक्षा या दोन गोष्टींकडे आधी पाहायला हवं.

1954 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि कळ दाबली की सौम्य वीज जाईल अशी सोय केली. तार ठरावीक जागी असली की उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबत. त्या जागेतून जाणाऱ्या मज्जापेशींच्या वाटेवर डोपामिन नावाचं रसायन काम करतं, हे पुढे उलगडलं. वर्तमानपत्रं त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते अर्धवटच आहे. हे महत्त्वाचं होतं, लक्षात ठेव, पुन्हा कर, असा निरोप ते देतं. भुकेल्याला भाकरी मिळाली की हा निरोप जातो आणि थोड्या वेळात थांबतो. नशेचे पदार्थ तो वेगवेगळ्या मार्गांनी वाढवतात. मज्जापेशी बाहेर सोडलेलं डोपामिन एका पंपाने परत आत ओढून घेते. मेफेड्रोन हा पंपच उलटा फिरवतं. अफू डोपामिनच्या पेशींवरचा लगाम सैल करते. निकोटिन त्या पेशींना थेट डिवचतं. शेवटी निरोप तोच जातो, फक्त भाकरीने कधी गेला नसता इतका मोठ्याने.

वेगाचा सगळ्यात चांगला पुरावा एका साध्या औषधातून आला. अतिचंचल मुलांना मिथाइलफेनिडेटच्या गोळ्या देतात. अमेरिकेतल्या नोरा व्होल्को यांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की ही गोळी कोकेन अडवतं तेच पंप अडवते, आणि तेही निम्म्याहून अधिक. तरी गोळी घेणाऱ्याला कैफ चढत नाही, कारण परिणाम तासाभरात हळूहळू वाढतो. तेच औषध शिरेतून दिलं तेव्हा मात्र कैफ आला. आता पुन्हा त्या तळहाताकडे पाहू. तंबाखूच्या पानातलं निकोटिन बरंचसं विद्युतभारित रूपात असतं आणि त्या रूपात ते गालाच्या आतल्या त्वचेतून सहज आत शिरत नाही. चुना अल्कधर्मी, तो लागला की निकोटिन मोकळं होतं आणि झपाट्याने रक्तात उतरतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात कोकाची पानं चघळणारेही सोबत चुना किंवा राख घेतात. दोन खंडांतल्या माणसांनी रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता तीच युक्ती शोधून काढली, हे थक्क करणारं आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सिगारेटचं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. चुना लावूनही तंबाखूची गोळी त्याच्या बरीच मागे राहते. मग वेगच महत्त्वाचा असेल, तर तंबाखू सुटायला इतकी अवघड का? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, विडी-सिगारेट ओढणारे 4 टक्केही नव्हते. उत्तर दुसऱ्या गोष्टीत आहे, किती वेळा यात. सकाळी उठल्यापासून गालात गोळी असली की निकोटिनची पातळी दिवसभर चढीच राहते. मेंदू ते गृहीत धरतो आणि निकोटिन पकडणाऱ्या जागांची संख्याच वाढवून ठेवतो. रात्रभरात त्या रिकाम्या होतात. सकाळची पहिली चिमूट तल्लख करते असं वाटतं, पण ती बहुतेक रात्रीची उणीव भरून काढत असते.

घेणारा प्रत्येक जण कुठे व्यसनी होतो, हा दुसरा आक्षेप. तो खराच आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी मायदेशी पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतले 5 टक्क्यांच्या आसपासच पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. भोवताल बदलला की मेंदूला मिळणाऱ्या खुणाही बदलतात. आनुवंशिकता आणि वय यांचाही वाटा असतो. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. लातुरात शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहणारी मुलं सतरा-अठराची असतात. त्यांच्या बाबतीत पहिल्या अनुभवाचं वयच धोक्याचं.

सगळ्यात लोकप्रिय आक्षेप मात्र निराळाच असतो: मनावर घेतलं की एका दिवसात सुटतं. 2015 मध्ये नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या निजामाबादमध्ये आणि तेलंगणातल्या इतर जिल्ह्यांत काय झालं ते पाहावं. शिंदीत अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधं मिसळली जात होती. सरकारने कारवाई केली, भेसळ अचानक थांबली, आणि माणसं थरथर, भ्रम आणि आकडी घेऊन दवाखान्यांत भरती झाली. अल्प्राझोलाम मेंदूचा ब्रेक जोरात दाबतं. रोज ते मिळालं की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करून ठेवतो. औषध एकाएकी गेलं की ब्रेकही नाही आणि वेगही वाढलेला. कारवाई योग्यच होती, पण घेणाऱ्यांचं काय होणार याचा विचार आधी व्हायला हवा होता. वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्यालाही हाच धोका असतो. त्याला खोलीत कोंडून दारू तोडणं जिवावर बेतू शकतं.

म्हणूनच बरेचसे उपचार हीच रसायनविद्या उलट्या दिशेने चालवतात. अफूच्या व्यसनावर दिलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिन त्याच कुळातलं आहे, पण जिभेखाली सावकाश विरघळतं आणि दीर्घकाळ टिकतं. निकोटिनची पट्टी त्वचेतून दिवसभर थेंबाथेंबाने निकोटिन सोडते, आणि पट्टीचंच व्यसन जडलेला माणूस क्वचितच सापडतो. अल्प्राझोलामची मात्रा डॉक्टर काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, पायरीपायरीने उतरवतात. एक नशा सोडवायला दुसरी देता, असं नातेवाईक रागाने म्हणतात. पदार्थाच्या नावावर बोट ठेवलं तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. उपचारांसाठी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात हा राग सोबत घेऊन जायलाही हरकत नाही. त्याआधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे.