केबिन लांबली, चासी कुठे लांबली?

डोंबिवली-कोपरच्या पट्ट्यात किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला एखादा जुना, चार दारांचा ट्रक उभा दिसला की बघणारा लगेच निकाल देऊन मोकळा होतो: ‘चासी कापून लांबवलीय.’ बहुतेकदा तसं काही झालेलं नसतं.

आपल्याकडे ट्रक विकला कसा जायचा, हे विसरल्यामुळे हा समज पसरला. टेल्कोने 1954 साली डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. गिऱ्हाइकाच्या हाती यायची ती पुष्कळदा नुसती चासी: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि समोरचा काऊल. केबिन, हौदा, फाळके ही सगळी बॉडीबिल्डरची कामं. त्यामुळे मागे दुसरा बाक हवा असेल तर केबिन मागे सरकवायची आणि हौदा तेवढा आखूड करायचा, की झालं. अग्निशमन दलाचा बंब बघा. चालकामागे जवानांचा बाक, त्यांना वेगळी दारं, त्यामागे पाण्याची टाकी. व्हीलबेस मात्र कंपनीने दिला तोच. अशी बॉडी यू-बोल्टने आवळून बसवलेली असते, मध्ये लाकडी पट्टी. चासीला धक्काही लागलेला नसतो.

उलट बाजूचा समजही तितकाच पक्का आहे: जुन्या काळातली डबल केबिन म्हणजे बाहेरचंच काम. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1957 मध्येच ट्रॅव्हलेट नावाने अशी केबिन थेट कारखान्यातून दिली, तीही आधी तीन दारांची. त्याआधी तिथेही हे काम बॉडीबिल्डरच करत. तेव्हा केबिन बघून काही ठरवू नये. खाली वाकावं, टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन.

आधी टेप लावा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. माप त्या मॉडेलच्या छापील व्हीलबेसशी जुळलं तर अर्धा वाद तिथेच मिटतो. जुळलं नाही तर प्रोपेलर शाफ्टकडे बघा. व्हीलबेस वाढवला की शाफ्टही वाढवावा लागतो. कंपनीच्या नळीला वेल्डिंग फक्त टोकांशी असतं. मधेच गोल कडं दिसलं तर नळी जोडलेली आहे. ब्रेकच्या पाइपला भलत्या ठिकाणी सांधा असणं हीही तशीच चुगली. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे केलेली वाढ मात्र वेगळी गोष्ट. तिथे व्हीलबेस आणि शाफ्ट दोन्ही जागच्या जागी राहतात, आणि मोटार वाहन नियमांनुसार मागे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपुढे जाता कामा नये.

‘रिव्हेट म्हणजे कंपनी, बोल्ट म्हणजे गॅरेज’ हे सूत्र मी अनेक जाणत्यांच्या तोंडून ऐकलं आहे. सूत्र सोयीचं आहे, पण त्यावर पैसे लावू नयेत. सैल झालेल्या रिव्हेटच्या जागी घट्ट बसणारा बोल्ट घालणं ही रीतसर दुरुस्ती आहे, आणि काही ब्रॅकेट कंपनीच बोल्टने बसवते. रिकामी भोकंही संशयास्पद नसतात, कारण एकाच चासीवर अनेक प्रकार बांधले जातात. भोकाची कड बघा: साच्यात पाडलेलं भोक स्वच्छ गोल असतं, गॅसने पाडलेलं फाटकं. चॅनेलच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर भोक किंवा वेल्डिंग असेल तर ते काम शिकलेल्या हाताचं नाही. वाकण्याचा ताण तिथेच सर्वांत जास्त येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आत दुसरा चॅनेल दिसला की ‘चासी तुटली होती’ असं म्हणतात. डंपरसारख्या जड कामाच्या चासीला असा दुहेरी चॅनेल कारखान्यातूनही येतो. तो बराच लांब जातो आणि दोन्ही पत्र्यांची भोकं एकमेकांवर बसतात. ठिगळ आखूड असतं, चारी बाजूंनी वेल्ड केलेलं. चांगला बॉडीबिल्डर जोड तिरका कापतो आणि आतल्या पट्टीची टोकं निमुळती ठेवतो. सरळ उभा काप दिसला तर किंमत पाडून मागावी.

राहिला कायदा. ‘गाडी जुनी झाली, आता कोण विचारतंय’ हे साफ चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. 2021 च्या व्हिंटेज नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ क्रमांक दिला, पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. शिवाय ही सोय दुचाकी आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींपुरतीच आहे. म्हणजे चासी अगदी कोरी करकरीत असली तरी जुन्या मालट्रकला व्हीए पाटी मिळत नाही.