ओजेटीचे १२० तास नुसत्या सहीवर घालवू नका



इंटर्नशिपवरच्या व्हिडिओत जेवढं बसलं तेवढं सांगितलं, पण आकडे राहून गेले. ते इथे सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा, हिशोब करायचा आहे.

आधी माझी चूक सांगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात माझा भाचा एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. ओजेटीचं सर्टिफिकेट हवं होतं. "मामा, लेटरहेडवर फक्त सही-शिक्का द्या, रिपोर्ट मी टाईप करून आणतो," म्हणाला. मी दिली. घरातलं पोरगं, नाही कसं म्हणणार? कागदावर १२० तास लागले आणि तो माझ्या ऑफिसात १२० मिनिटंसुद्धा बसला नव्हता. त्याच दसऱ्याला, कॉलेज चालू असतानाच, त्याने बिस्किट-नमकीनची एजन्सी घेतली. वडिलांचे दीड लाख रुपये घातले. मे महिन्यात शटर खाली आलं. तेव्हा तो मला एवढंच म्हणाला, "मामा, तेव्हा सही नसती दिली तर बरं झालं असतं."

माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून माझा एक मित्र बावीस वर्षं अशीच एजन्सी चालवतोय. एक फोन केला असता तर पोरगं महिनाभर तिथे बसलं असतं. मी फोन केला नाही, सही केली. सोपं ते केलं.

हे ओजेटी म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवीन शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. कोणत्या सेमिस्टरला ते विद्यापीठ आणि कोर्सप्रमाणे बदलतं, ते कॉलेजात विचारा. रोज चार तास दिले तर तीस दिवसांत संपतं. बहुतेक मुलं हे विषय 'काढायचा' म्हणून बघतात. ज्याला पुढे नोकरीच करायची आहे त्याचं मी समजू शकतो. पण ज्याला धंदा करायचाय त्याला दुसऱ्याच्या भांडवलावर, दुसऱ्याच्या जोखमीवर, आतून धंदा बघायची अशी संधी पुन्हा मिळत नाही. पंचविशीनंतर तुम्ही कुणाच्या गोडाऊनमध्ये जाऊन "मला शिकायचंय" म्हणालात तर तो आधी संशयानेच बघेल. कॉलेजचं पत्र हातात असताना तसं होत नाही.

आता हिशोब

भाच्याच्या वहीतले आकडे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

रोजची विक्री १०,००० रुपये. महिन्याला कामाचे २५ दिवस, म्हणजे अडीच लाखांचा धंदा. मार्जिन विक्रीवर ८ टक्के, म्हणजे २०,०००. त्याने पहिल्याच दिवशी सेल्समन ठेवला, पगार १२,०००. गाडी आणि डिझेल ५,०००. गोडाऊनचं भाडं आणि लाईट ४,०००. बेरीज २१,०००. म्हणजे एक्स्पायरी, उंदराने फोडलेली पुडकी, बुडालेली उधारी हे काहीही न धरता महिन्याला १,००० रुपये तोटा. हे त्याला चौथ्या महिन्यात कळलं, कारण तोवर गल्ल्यात पैसे दिसत होते. ते पैसे कंपनीचे होते, नफ्याचे नव्हते.

पण त्याला बुडवलं ते तोट्याने नाही. भांडवलाने बुडवलं.

दुकानदार तिसऱ्या आठवड्याला पैसे द्यायचे. तीन आठवडे म्हणजे १८ दिवसांची विक्री, १,८०,००० रुपये बाजारात. त्यातलं मार्जिन वजा केलं तर त्याचे स्वतःचे साधारण १,६५,००० अडकले. गोडाऊनमध्ये दोन आठवड्यांचा माल, खरेदीभावाने १,१०,०००. एकूण पावणेतीन लाख. आणि कंपनीला पैसे आधी भरायचे, मग माल उतरणार. खिशात होते दीड लाख. सव्वा लाखाचा खड्डा त्याने मित्रांकडून हातउसने घेऊन भरला, आणि पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

नंतर मी हीच वही घेऊन मित्राकडे गेलो. त्याने चहा संपायच्या आत दोन गोष्टी सांगितल्या. एक, "नवीन माणसानं बिल टू बिलच करायचं." म्हणजे या आठवड्याचा माल उतरवताना मागच्या आठवड्याचं बिल घ्यायचं. जुनं बिल नाही तर नवा माल नाही. दोन, "पहिलं वर्ष लाईन स्वतः मारायची."

आता तेच गणित परत मांडा. उधारी एका आठवड्याची, म्हणजे खरेदीभावाने ५५,०००. माल एका आठवड्याचा, ५५,०००. एकूण १,१०,०००. दीड लाखात धंदा बसतो आणि वर ४०,००० हाताशी राहतात. सेल्समनचे १२,००० वाचले की महिन्याचा तोटा जाऊन ११,००० हातात. एक्स्पायरी वजा केली तरी तग धरता येते. मार्जिन तेच, वडिलांचे पैसे तेवढेच. बिल टू बिल केल्यावर काही दुकानदार सुटतात, विक्री थोडी कमी होते, हेही मित्राने सांगितलं. पण जे सुटतात ते बहुधा पैसे न देणारेच असतात.

हे कुठल्या पुस्तकात नाही असं नाही. खेळत्या भांडवलाचं प्रकरण भाच्याच्या एम.कॉम.ला होतं, त्यात त्याला मार्कही चांगले होते! पण विजयनगरच्या कोपऱ्यावरचा दुकानदार "पुढच्या खेपेला बघू" म्हणतो तेव्हा तोंडातून काय निघायला हवं, ते पेपरला येत नाही.

मग १२० तासांत बघायचं काय?

जो धंदा करायचाय त्याच धंद्यात जा, आणि मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका. मोठ्या ठिकाणी तुम्हाला एक टेबल मिळतं आणि एकच काम. चार-पाच माणसांच्या धंद्यात खरेदी, विक्री, वसुली, मालकाची चिडचिड, सगळं एकाच खोलीत दिसतं.

सुरुवातीला पडेल ते काम करा. खोकी मोजा, बिलं लावा. मालकाचा विश्वास बसला की एकच मागणी करा: "मला कलेक्शनला सोबत पाठवा." संध्याकाळी हिशोब जुळवायच्या वेळेला तिथे असा. दिवसभराची रोकड, यूपीआय, उधारीची चिठ्ठी आणि परत आलेला माल एकत्र बसवताना धंद्याची खरी तब्येत कळते. परत आलेल्या मालाचा कोपरा नक्की बघा. कंपनीकडे कशाचा क्लेम होतो, किती दिवसांत मिळतो, आणि काय कधीच मिळत नाही. एजन्सीवाल्यांचा निम्मा नफा त्या कोपऱ्यात पडलेला असतो असं माझा मित्र म्हणतो. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा: आज किती विकलं, किती आले, किती अडकले. तीस दिवसांनी ती वही म्हणजे तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट. कॉलेजला द्यायलाही तीच, आणि उद्या जिल्हा उद्योग केंद्रात सीएमईजीपी किंवा पीएमईजीपीसाठी बसलात तरी आधाराला तीच. तिथे प्रकल्प अहवालात उधारीचे दिवस लिहावे लागतात, आणि ९९ टक्के मुलं सीए देईल तो आकडा लिहून मोकळी होतात. (९९ हा माझा अंदाज, सर्व्हे नाही.)

मालक घाबरतो, हे लक्षात ठेवा. उद्या हाच पोरगा समोर दुकान टाकेल, ही भीती खोटी नसते. म्हणून लपवू नका. शक्यतो शेजारच्या तालुक्यात जा. सांगलीत धंदा करायचाय तर विट्याला किंवा तासगावला शिका. पहिल्याच दिवशी सांगा की मला हाच धंदा करायचाय, पण तुमच्या भागात नाही. आणि त्याच्या गिऱ्हाइकांची यादी मोबाईलमध्ये फोटो काढून आणू नका. शिकायची आहे ती पद्धत. यादी आणली तर ती चोरी झाली.

सरकारी योजनांचं काय?

यावर खूप प्रश्न येतात. कॉलेज चालू असताना ओजेटी किंवा एआयसीटीईच्या पोर्टलवरच्या इंटर्नशिप हा रस्ता. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरीत नसलेल्या मुलांसाठी होती. मोठ्या कंपन्यांत बारा महिने, महिना ५,००० रुपये. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. तिथे बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अटी आणि मुदत बदलत राहतात, अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर डोमिसाईल काढायला पळू नका.

शिकाऊ उमेदवारी ही वेगळी गोष्ट. ती १९६१ च्या कायद्याखाली येते, करार होतो आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. हे उद्याचे मालक म्हणूनही माहीत असू द्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुमच्या छोट्या वर्कशॉपमध्येही तुम्ही पुढे रीतसर शिकाऊ पोरं घेऊ शकता.

आणि जो तुमच्याकडूनच पैसे मागतो, "अमुक रुपये भरा, घरबसल्या इंटर्नशिप सर्टिफिकेट घ्या" म्हणतो, तिथे तुम्ही इंटर्न नाही, गिऱ्हाईक आहात. माझ्या त्या सहीत आणि यात फरक एवढाच की मी पैसे घेतले नव्हते.

भाचा सध्या माझ्या मित्राकडेच आहे. विट्याच्या लाईनवर कलेक्शनला जातो, पगारातून हातउसने फेडतो. २४ तारखेपर्यंत कुणाचं किती येणं आहे ते त्याला आता वही न बघता सांगता येतं.

मागच्या महिन्यात सहीसाठी तीन विद्यार्थी माझ्याकडे आले. तिघांनाही पत्र दिलं, पण माझ्या ऑफिसचं नाही. ज्याला जो धंदा करायचा होता त्या मालकाच्या नावे ओळखीची चिठ्ठी दिली. दोघं परत फिरकलेच नाहीत. तिसऱ्या मुलीला चटणी-मसाल्याचा धंदा करायचाय. ती सोमवारपासून शेजारच्या तालुक्यातल्या एका मसाला कांडपावर बसणार आहे. मे महिना आहे, मिरचीची रांग लागलेली असते. मालकीणबाईंनी फोनवर मला विचारलं, "खोकला येईल, चालेल का तिला?"