शेजाऱ्याची अंत्ययात्रा आणि बौद्ध उपासक

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील डोंगरी खेड्यांत मृत्यू एका घरापुरता राहत नाही. तो साऱ्या गावाचा होतो. अशा वेळी उपासकापुढे प्रश्न उभा राहतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने अन्यधर्मीय शेजाऱ्याच्या अंत्यविधीस जावे काय? गेल्यास तेथे कसे वागावे?

या प्रश्नाच्या मुळाशी इतिहास आहे. गावगाड्यात मरणाचा सांगावा घेऊन परगावी धावणे आणि सरणाची लाकडे पोहोचविणे ही महारांवर लादलेली कामे होती. प्रेतावरचे वस्त्र हा त्यांचा ‘हक्क’ मानला जाई. या वतनी गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने ही वतने संपुष्टात आली. म्हणून शेजाऱ्याच्या दारी आज आपण जातो ते वेठीने नव्हे, तर बरोबरीच्या नात्याने. हा फरक लहान नाही.

धम्माची यास आडकाठी आहे काय? वैशालीचा सेनापती सीह हा पूर्वी निर्ग्रंथांचा अनुयायी होता. तो उपासक झाल्यावर भगवंतांनी त्यास निर्ग्रंथांना चालत आलेले दान बंद करू नये, असेच सांगितले. श्रद्धा बदलली म्हणून सौजन्य सोडावयाचे नसते, हा त्याचा अर्थ आहे.

तथापि सहभाग आणि उपासना यांतील सीमारेषा स्पष्ट हवी. या भागात टाळमृदंगाच्या भजनासह प्रेतयात्रा निघते, तिसऱ्या दिवशी सावडणे होते, दहाव्या दिवशी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. प्रेतास खांदा देणे, सरणावर लाकूड ठेवणे, चूल न पेटलेल्या घरी भाकरी पोहोचविणे, प्रवचन चालू असता शांत बसणे ही मानवी कर्तव्ये होत. तेराव्या प्रतिज्ञेतील प्राणिमात्रांविषयीच्या दयेशी ती सुसंगतच आहेत. मात्र पिंडास हात लावणे वा देवतेची पूजा करणे हे आपले काम नव्हे. श्राद्ध व पिंडदान सहाव्या प्रतिज्ञेने वर्ज्य केले आहे. कोणी आग्रह केल्यास हात जोडून नम्रपणे नकार द्यावा. स्मशानात वाद घालू नये; शोकाकुल माणसास त्या क्षणी आधार हवा असतो, युक्तिवाद नव्हे.

मुस्लिम शेजाऱ्याच्या जनाज्यास खांदा देता येतो. नमाज उभ्यानेच होते, तीत रुकू वा सजदा नसतो. त्या वेळी आपण रांगांच्या मागे स्तब्ध उभे राहावे. दफनानंतर मूठमाती द्यावी. लिंगायतांत दफनाची परंपरा आहे. तेथेही हाच विवेक पुरतो.

आता दुसरी बाजू. आपल्या घरी येणाऱ्या शेजाऱ्यांनाही आपला विधी अपरिचित असतो. त्रिसरण-पंचशील कशासाठी, शुभ्र वस्त्रे का, हे आरंभीच दोन वाक्यांत सांगावे. जलदान विधीत भांड्यातून ओतले जाणारे पाणी हे पिंडाचे दुसरे रूप नव्हे. जल जसे वाहत जाऊन सागर भरते, तसे दिवंगतांच्या नावे केलेले दान त्यांच्या उपयोगी पडते, ही तिरोकुड्ड सुत्तातील उपमा त्यामागे आहे. जिवंतांनी दान करावे, शील पाळावे आणि त्या पुण्याचे अनुमोदन करावे, एवढेच त्याचे प्रयोजन. पाहुण्यांना वंदनेची सक्ती करू नये आणि त्यांच्या देवांची निंदा त्या जागी करू नये.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. शोकाच्या त्या प्रसंगीच असंख्य लोकांनी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. अंत्यविधी म्हणजे केवळ रूढी नव्हे, आपण कोण आहोत याची ती साक्ष असते, हे त्या दिवसाने दाखविले. आमच्या मते शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा देतानाही उपासकाने तीच साक्ष द्यावी: श्रद्धेत ठाम, वागण्यात करुणामय. अनित्यता धर्म पाहून येत नाही. मग आपली करुणा तरी तो पाहून का थांबावी?