बॅटरीत सेल कोणता?

गावाकडे टॉर्चला ‘बॅटरी’च म्हणतात, तिच्या पोटात घालायचे ते ‘सेल’. रात्रीच्या पाळीत वीज आली की उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी आधी बॅटरी घेतो, मग खोरं. बांधावर घोणस पडलेली असेल तर ती दिसायला हवी. अशा माणसाने टॉर्च घेताना आधी विचारावं, हिच्यात कोणकोणते सेल चालतात? उजेडाचं नंतर पाहता येतं.

डेव्हिड मिझेल यांनी १८९९ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या टॉर्चमध्ये नळीत एकामागे एक सेल होते. बल्बच्या टॉर्चची हीच तऱ्हा पुढे टिकली. सेल उतरले की बल्ब पिवळा पडायचा, पण मिणमिणत राहायचा. पांढऱ्या एलईडीला मात्र सुमारे ३ व्होल्ट लागतातच. दीड व्होल्टच्या एकट्या पेन्सिल सेलवर ती पेटतच नाही, आणि फार वीज गेली तर जळते. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचं छोटं सर्किट असतं. ते कमी व्होल्ट चढवतं, जास्तीचे आवरतं. काही ड्रायव्हर ०.९ पासून ४.२ व्होल्टपर्यंत सगळं पचवतात. टॉर्चची खरी किंमत या सर्किटात आहे, असं माझं मत आहे.

याचं कारण १४५०० या सेलमध्ये आहे. हा लिथियम-आयन सेल १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब, म्हणजे हुबेहूब पेन्सिल सेलच्या मापाचा. पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. दीड व्होल्टसाठीच बनवलेल्या टॉर्चमध्ये तो सहज बसतो आणि सर्किट जाळतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये असे दोन घातले तर ८.४ व्होल्ट! माप जुळलं म्हणून सेल जुळला असं नाही. टॉर्चवर १४५०० चालतो असं लिहिलेलं असेल तरच तो घालावा.

निकेल-मेटल हायड्राइडच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून लोक तो मागे ठेवतात. ते चुकतं. अल्कलाइन सेल दीडपासून सुरू होतो खरा, पण भार पडला की घसरत जातो. रिचार्जेबल सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. शिवाय अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये विसरला तर गळतो. माझ्या आजोबांची पितळी बॅटरी अशीच गेली, गळलेल्या सेलने तिची स्प्रिंगच खाल्ली होती. मला अजून त्याची हळहळ वाटते.

ताकदीचा विचार केला तर १८६५० हा मोठा लिथियम-आयन सेल पुढे आहे. ३००० मिलीअँपिअर-तासांचा एक १८६५० सुमारे १०.८ वॉट-तास ऊर्जा साठवतो, तर २००० चा रिचार्जेबल पेन्सिल सेल २.४. मात्र १८६५० गावच्या किराणा दुकानात मिळत नाही. संरक्षक सर्किट असलेला १८६५० दोन-चार मिलिमीटर जास्त लांब असतो, त्यामुळे काही टॉर्चचं झाकणच लागत नाही. बाजारात अशाही टॉर्च आहेत ज्यांत प्लास्टिकच्या नळीत १८६५० बसतो, आणि नळी काढली की तीन बारीक पेन्सिल सेलचा पिंजरा. तिघांचे मिळून ४.५ व्होल्ट, म्हणजे ४.२ च्या जवळच. ही सोय मला फार आवडते.

आठवडी बाजारातल्या, सॉकेटमध्ये खोचून चार्ज करायच्या टॉर्चमध्ये बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी पक्की बसवलेली असते. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि मग चांगल्या दिव्यासकट सगळी टॉर्च भंगारात जाते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. त्यानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. चार्जिंगला प्लग होते, वीज नव्हती. अशा वेळी दोन्ही सेल घेणारी टॉर्च घरात असली, तर उतरलेला १४५०० काढून दुकानातला साधा पेन्सिल सेल घालता येतो. उजेड कमी पडतो, पण विहिरीपर्यंतची वाट दिसते.