नवख्याची पहिली बॅटरी

टॉर्चला आपण मराठी माणसं 'बॅटरी' म्हणतो. 'विजेरी' हा देखणा शब्द कोशात आहे, पण 'अगं, ती विजेरी कुठे ठेवलीस?' असं विचारणारं घर निदान माझ्या पाहण्यात नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, रॉकेलच्या वासाच्या जुन्या कंदिलाशेजारी तिची जागा असायची. महिनोन् महिने पडून राहणार म्हणून वडीलधारी माणसं त्यातला एक सेल उलटा घालून ठेवायची. अशा या साध्यासुध्या वस्तूचाही कुणाला छंद असू शकतो, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर कळलं.

मी राहतो शिरवण्याला. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि मध्ये जुनं आगरी गाव. पहिल्या पावसात शेतात मासे चढत, तेव्हा बत्ती घेऊन वलगणीला गेल्याच्या गोष्टी इथली वृद्ध मंडळी अजून सांगतात. आता ती शेतं नाहीत आणि काळोखही नाही. रस्त्यावरचे दिवे रात्रभर खिडकीतून आत येतात. पण गंमत अशी, की काळोख गेला आणि बॅटरीचे शौकीन आले. आमच्या इमारतीतला एक तरुण इंजिनीअर लॅमिंग्टन रोडवरून आणि परदेशातून सुटे भाग मागवतो. बॅटरीतला दिवा काढून दुसरा बसवतो, आतलं सर्किट बदलतो, आरसा बदलतो. त्याच्या टेबलावर अशा वीसेक बॅटऱ्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीच्या उजेडाची छटा वेगळी आणि प्रत्येकीची हकिकत वेगळी.

याच इमारतीतली एक मुलगी पहिल्यांदाच रात्रीच्या चढाईला निघाली होती. पाचनईहून पहाटेच्या काळोखात हरिश्चंद्रगड चढायचा बेत होता. 'दादा, बॅटरी कोणती घेऊ?' असं तिने साहजिकच त्याला विचारलं. त्याने स्वतः बनवलेल्या बॅटरीसारखी एक बनवून घ्यायला सांगितली. किंमत साडेचार हजार. तिची आई माझ्याकडे आली. 'काका, पैशांचं सोडा, पण हिने ती घ्यावी का?'

प्रश्न लहान आहे, पण असा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी येतो. कधी तो कॅमेऱ्याचा असतो, कधी सायकलीचा, कधी तबल्याचा. म्हणून त्या तरुणाची बाजू आधी नीट ऐकून घेतली पाहिजे.

त्याचं म्हणणं पोकळ नाही. बाजारातल्या स्वस्त बॅटऱ्यांच्या खोक्यांवर लुमेनचे आकडे वाटेल तसे छापलेले असतात. त्यांचा उजेड निळसर आणि पांढराफटक असतो. त्यात पाचोळा, दगड आणि मातीचे रंग एकमेकांत मिसळून जातात. त्याने बसवलेल्या दिव्यात रंग दिवसासारखे दिसतात. मी स्वतः पाहिलं, फरक आहे. पूर्वी दोन मोठ्या सेलच्या बॅटरीतला तारेचा दिवा कसाबसा वीसेक लुमेन उजेड द्यायचा. जपानमध्ये १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी निळा तेजस्वी एलईडी बनवला आणि त्यातून पुढे पांढरा एलईडी आला. त्याच कामासाठी २०१४ साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्या एलईडीला लिथियमच्या सेलची जोड मिळाल्यावर हजार लुमेन मुठीत मावू लागले. हौशी माणसाला आनंद वाटावा असंच हे आहे.

पण नवख्याला काय हवं असतं? पायवाटेवर चालायला पन्नास-शंभर लुमेन पुष्कळ होतात. उजेड दुप्पट अंतरावर टाकायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. शिवाय हजार लुमेनची मुठीएवढी बॅटरी काही मिनिटांतच तापते आणि स्वतःहून उजेड कमी करते. नवख्याला हवी असते एकच गोष्ट : बटण दाबलं की बॅटरी लागली पाहिजे. आपल्याकडे ही चैनीची बाब नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले आणि निम्मे पावसाळ्यातले. काळोखात पाऊल कुठे पडतंय हे दिसणं म्हणजे काय, हे त्यावरून कळावं. आणि ज्या बॅटरीत एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की प्रखर, चारदा दाबलं की कुलूप, अशी गणितं असतात, ती घाबरलेल्या हाताला ऐन वेळी साथ देईलच असं नाही.

दुसरी गोष्ट सेलची. ही मात्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आपला नेहमीचा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. हौशी लोकांच्या बॅटऱ्यांत असतो लिथियम-आयनचा सेल. तो ३.७ व्होल्टचा आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जाणारा. त्यातला एक प्रकार, ज्याला '१४५००' म्हणतात, आकाराने जवळपास हुबेहूब पेन्सिल सेलसारखाच असतो. चौदा मिलिमीटर जाड, पन्नास मिलिमीटर लांब. ड्रॉवरमध्ये तो पडला आणि कुणी पोराने खेळण्यात असे दोन सेल घातले, तर तीनऐवजी आठ व्होल्टच्या वर दाब गेला! काही सेलमध्ये संरक्षक सर्किट असतं, काहींत नसतं. चार्जरही त्याच जातीचा लागतो. चिरडलेला, सालपट निघालेला किंवा शॉर्ट झालेला असा सेल पेट घेऊ शकतो. हे सगळं त्या तरुणाला पाठ आहे. ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय की सांगायला हवं हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. पेन्सिल सेल पाचनईच्या वाटेवरच्या गावातल्या टपरीवरही मिळण्याची आशा असते. हाताने बनवलेली बॅटरी बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस जगात एकच, आणि तो शिरवण्याला.

बँकेत आमच्या वेळी, केवायसीचे आजचे नियम यायच्या आधी, नवं खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. सही करणारा जामीन नसे, त्याच्याकडून पैसे वसूल होत नसत. तरीही शहाणा खातेदार पेन उचलण्यापूर्वी विचारायचा, 'याला मी खरंच ओळखतो का?' सल्ला देणं म्हणजे अशीच ओळखीची सही. हौशी माणूस बॅटरीला पुरेपूर ओळखतो. सही करण्यापूर्वी त्याने ओळखायचं असतं ते समोरच्या माणसाला. ती कुठे जाणार, किती वेळा जाणार, घरात लहान मुलं आहेत का, सेल कोण भरणार? हे चार प्रश्न न विचारता दिलेला सल्ला त्या नवख्याच्या उपयोगाचा नसतो. ते आपल्याच आवडीचं कौतुक असतं.

याबाबतीत आपल्याकडच्या आकाशदर्शनाच्या हौशी मंडळींकडून शिकण्यासारखं आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शनाच्या रात्री घेत आलं आहे. या वर्तुळातला जाणकार नवख्याला दुर्बीण घ्यायला सांगत नाही. तो म्हणतो, आधी नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखा, मग द्विनेत्री घ्या, दुर्बिणीचं पुढे बघू. आणि बॅटरीला? तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधायचा. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मंद लाल उजेडाने तो सराव फारसा मोडत नाही. ही सुद्धा खास बनवून घेतलेली बॅटरीच की! फक्त ती दोन रुपयांत झाली आणि वापरणाऱ्याच्या गरजेतून झाली.

म्हणून त्या मुलीच्या आईला मी सांगितलं, की पहिली बॅटरी दुकानातली, एका बटणाची, पेन्सिल सेलवर चालणारी घ्या. कपाळावर बांधायची मिळाली तर उत्तम, चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. सेलचा एक जादा जोड पिशवीत टाका. आणि त्या तरुणालाही सांगितलं, की तू तुझी बॅटरी तिला विकत घ्यायला सांगू नकोस, एखाद्या रात्री गच्चीवर तिच्या हातात दे. एक पावसाळा सरल्यावर 'दादा, उजेड जरा पिवळा हवा होता, पाचोळ्यातलं काही कळत नाही,' असं म्हणत ती आपण होऊन आली, तर खुशाल हवी तशी बनवून दे. सेलचा चार्जर आणि सेल ठेवायची डबी मात्र बरोबर दे.

तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, 'काका, तोवर निदान तिच्या दुकानातल्या बॅटरीचा उजेड खरंच किती आहे, ते मोजून देऊ का?'

म्हटलं, जरूर दे. तो सल्ला तिच्या आजच कामी येईल.