नगरपाल : अधिकाराविना मान आणि नागरिकांच्या सभेचा प्रश्न

‘शेरीफ’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला तो मुख्यतः अमेरिकन चित्रपटांमुळे. कमरेला पिस्तूल, छातीवर तारा आणि घोड्यावर मांड ही त्याची प्रतिमा. मुंबईच्या शेरीफाचा या प्रतिमेशी काहीही संबंध नाही. मराठीत या पदाला ‘नगरपाल’ असा प्रतिशब्द रूढ झाला, आणि तो पुष्कळ अंशी फसवाही आहे, कारण या पदाकडे नगराचे पालन कधीच नव्हते. नगराचा कारभार महानगरपालिकेकडे, बंदोबस्त पोलीस आयुक्तांकडे आणि मानाचे पहिले स्थान महापौरांकडे. मग नगरपालाकडे नेमके काय होते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधताना पदाच्या मुळाशी जावे लागते आणि पुण्याकडेही पाहावे लागते, जरी पुण्यात हे पद कधीच अस्तित्वात नव्हते.

मूळ पद

इंग्लंडमध्ये ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. या दोन शब्दांच्या संयोगातून ‘शेरीफ’ हा शब्द सिद्ध झाला. राजाच्या वतीने परगण्याचा वसूल गोळा करणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे आणि प्रसंगी माणसे जमवून शांतता राखणे ही त्याची कामे होती. आपल्याकडील पदांशी तुलना करावयाची झाल्यास तो वतनदार देशमुखापेक्षा सरकारने नेमलेल्या कमाविसदाराला अधिक जवळचा ठरेल. पुढे वसुलीचे काम गेले, सैन्य उभारण्याची जबाबदारी ट्यूडर काळापासून लॉर्ड लेफ्टनंट या नव्या अधिकाऱ्याकडे गेली, आणि पोलीस खाते निर्माण झाल्यावर बंदोबस्तही गेला. राहिला तो मान. आज इंग्लंडमधील हाय शेरीफ एका वर्षासाठी नेमला जातो, त्याला वेतन नसते आणि पदाचा खर्च बहुतांशी त्याने स्वतःच सोसावयाचा असतो. त्याच्या नेमणुकीची रीत अशी की, यादीतील नावासमोर राजा किंवा राणीने दाभणाने भोक पाडावयाचे. शाईने केलेली खूण खोडता येते, भोक बुजविता येत नाही, असे त्याचे समर्थन सांगितले जाते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे आइल ऑफ वाइट हे बेट या दृष्टीने लक्षणीय आहे. १८९० मध्ये तेथे स्वतंत्र परगणा परिषद आली, परंतु शेरीफ मात्र समोरच्या किनाऱ्यावरील हॅम्पशायरबरोबर सामाईकच राहिला. स्वतःचा हाय शेरीफ आणि स्वतःचा लॉर्ड लेफ्टनंट या बेटाला मिळाला तो १९७४ च्या पुनर्रचनेत, म्हणजे ही दोन्ही पदे अधिकारशून्य होऊन बराच काळ लोटल्यावर. कारभार चालविण्यासाठी त्यांची गरज नव्हती. ‘आम्ही हॅम्पशायरचे शेपूट नाही’ हे सांगण्यासाठी मात्र होती. पहिला लॉर्ड लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली ती भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची. १९६५ पासून ते या बेटाचे मानद गव्हर्नर होतेच. १९७९ मध्ये त्यांची हत्या झाली तोपर्यंत ही दोन्ही पदे त्यांच्याकडे होती. ज्याने एका उपखंडाचे सत्तांतर घडविले त्याने उतारवयात एका लहानशा बेटावर पाहुण्यांचे स्वागत करावे, यात इंग्रजांना काही विसंगत वाटले नाही.

मुंबई बेटावरील शेरीफ

मुंबईला हे पद मिळाले ते १७२६ च्या राजसनदेने. या सनदेने मद्रास, मुंबई आणि कलकत्ता या तीन ठाण्यांत मेयरचे न्यायालय स्थापन झाले आणि न्यायालयाचे हुकूम बजावण्यासाठी शेरीफही आला. पुढे न्यायालये बदलत गेली. १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय आले, १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय. शेरीफ मात्र प्रत्येक वेळी नव्या न्यायालयाच्या दाराशी उभा राहिला. समन्स पोहोचविणे, मालमत्ता जप्त करणे, जप्त मालाचा लिलाव करणे, दिवाणी कर्जदाराला ताब्यात ठेवणे आणि ज्यूरीसाठी नागरिकांना पाचारण करणे ही त्याची कामे. प्रत्यक्षात ती उपशेरीफ आणि कारकून करीत. शेरीफ हा नेहमी शहरातील एखादा प्रतिष्ठित गृहस्थ असे. प्रारंभी हा मान युरोपीय व्यापाऱ्यांकडेच राहिला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एतद्देशीयांनाही मिळू लागला. मूळचे गोव्यातील मांद्रे येथील डॉ. भाऊ दाजी लाड हे १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा मुंबईचे शेरीफ झाले. वैद्यक, पुराभिलेख आणि लोकशिक्षण या क्षेत्रांतील त्यांच्या कामाने त्यांना जी प्रतिष्ठा दिली होती, तिच्यावर या नेमणुकीने सरकारी शिक्का उमटला, एवढेच.

या पदाकडे आणखी एक अधिकार होता. न्यायालयीन कामांच्या यादीत तो सापडत नाही, आणि सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासकाला खरा रस वाटावा असा तोच आहे. शहरात एखाद्या प्रश्नावर जाहीर सभा घ्यावयाची असल्यास प्रमुख रहिवासी आपल्या सह्यांचे विनंतिपत्र शेरीफाला देत. शेरीफ वर्तमानपत्रांत सूचना प्रसिद्ध करून टाउन हॉलमध्ये सभा बोलावीत असे, सभेस आरंभ करून देत असे, आणि नंतर अध्यक्षांची निवड होई. अशा सभेत संमत झालेला ठराव ‘मुंबईच्या नागरिकांचा ठराव’ म्हणून गणला जाई. तीच माणसे, तेच भाषण आणि तोच ठराव, परंतु निमंत्रण शेरीफाचे नसेल तर ती केवळ काही गृहस्थांची बैठक ठरे.

ही प्रथाही इंग्लंडमधूनच आलेली होती. तेथे परगण्याच्या सभा शेरीफ बोलावीत असे. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सभेवर घोडदळ घातले गेले आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून राज्यकारभार वा धर्म यांविषयी पन्नासांहून अधिक लोकांच्या सभांवर कडक निर्बंध आणले. शेरीफासारख्या अधिकाऱ्याने बोलावलेल्या परगण्याच्या सभा मात्र त्यातून वगळल्या. म्हणजे शेरीफाचे निमंत्रण ही केवळ शोभेची बाब नव्हती, वैध लोकमत आणि अवैध जमाव यांमधील रेषा त्यावर अवलंबून होती. मुंबईत असा कायदा नव्हता, परंतु रेषेची जाणीव होती.

शेरीफ नसलेले शहर

पुण्यात शेरीफ नव्हता, याचे कारण साधे आहे. शेरीफ राजसनदेच्या न्यायालयाला जोडलेला, आणि त्या न्यायालयाचा मूळ अधिकार मुंबई बेटापुरता. १८१८ पर्यंत पुणे पेशव्यांच्या अमलाखाली होते आणि त्यानंतर जिंकलेल्या मुलखातील ठाणे झाले. येथे मानाची पदे होती ती दक्षिणेतील सरदारांची, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची. ती मागील राजवटीच्या स्मृतीवर उभी होती आणि कोणाचाही सरदार शहराच्या वतीने सभा बोलावू शकत नव्हता. मग पुणेकरांनी ‘पुणेकरांचे म्हणणे’ मांडावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने शोधले. निमित्त होते पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. तक्रार करणाऱ्यांना ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे विचारले जाण्याची शक्यता उघड होती, आणि गणेश वासुदेव जोशी हे वकील होते. वकिलाला आपले बोलणे कोणाचे आहे हे वकालतनाम्यावरून सिद्ध करता येते. सभेने तीच युक्ती सार्वजनिक कामाला लावली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम झाला. प्रारंभीच्या ९५ सभासदांच्या मागे सहा हजारांहून अधिक लोकांची संमती होती. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, म्हणजे सरदारी मानाचाही उपयोग करून घेतला गेला, पण सभेचा आधार तो नव्हता. या सह्यांमध्ये शहरातील सर्व जातींचा आणि थरांचा समावेश होता असे मानण्याचे कारण नाही. स्त्रिया तर विचारातच नव्हत्या. तरीही मताधिकार अस्तित्वात नसलेल्या काळात प्रतिनिधित्वाची मोजता येईल अशी कसोटी एका शहराने स्वतःसाठी ठरविली, याचे महत्त्व कमी होत नाही. मुंबईने जो शिक्का शेरीफाकडून उसना घेतला, तो पुण्याने सह्यांतून घडविला. या बळावरच १८७५ मध्ये ब्रिटिश संसदेकडे हिंदी प्रतिनिधित्वाची मागणी करणारा अर्ज गेला आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका खादीच्या वेषात सभेचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले.

सरकारने या मुखत्यारपत्रांची किंमत किती केली हे पुढे दिसले. १८९५ मध्ये सभा लोकमान्य टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली, न्यायमूर्ती रानडे यांच्या अनुयायांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापिली, आणि दुष्काळातील सभेच्या प्रचारामुळे रुष्ट झालेल्या मुंबई सरकारने १८९७ मध्ये तिची मान्यता काढून घेतली. यापुढे सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा सभेला अधिकार नाही, असे कळविण्यात आले. सह्या होत्या, शिक्का नाकारला गेला.

११ डिसेंबर १९१८

मुंबईत दोन दशकांनी याच्या नेमके उलट घडले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांची मुदत संपत आली होती. त्यांच्या गौरवार्थ काही धनिकांनी आणि प्रतिष्ठितांनी मुंबईच्या नागरिकांची सभा बोलावण्याची विनंती शेरीफाला केली, आणि ठरल्या रिवाजाप्रमाणे टाउन हॉलमधील सभा जाहीर झाली. त्याच वर्षी युद्ध परिषदेत होमरूलवाद्यांचा झालेला अवमान ताजा होता. बॅरिस्टर महंमद अली जीना आणि त्यांचे सहकारी यांनी ठरविले की, गौरव करावयाचा असेल त्यांनी तो स्वतःच्या नावाने खुशाल करावा, मुंबईच्या नागरिकांच्या नावाने नव्हे. पहाटेपासूनच शेकडो लोक टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जमले. दरवाजे उघडताच त्यांनी जागा अडविल्या. सर जमशेटजी जीजीभाई अध्यक्षस्थानी येताच गोंधळ सुरू झाला आणि एकही शब्द ऐकू येईना. अखेर पोलिसांनी सभागृह रिकामे केले. त्या रात्री जीनांचे विजयी मिरवणुकीत स्वागत झाले, आणि लोकवर्गणीतून त्यांच्या नावाचे एक सभागृहही उभे राहिले. पुढच्या इतिहासामुळे त्या सभागृहाचे नाव ‘पी. जे. हॉल’ या आद्याक्षरांत दडून गेले.

या प्रसंगाची आठवण सहसा जीनांच्या चरित्रात येते. शेरीफपदाच्या इतिहासातही तिला स्थान मिळावयास हवे. सभेचे निमंत्रण रीतसर होते, सूचना प्रसिद्ध झाली होती, अध्यक्ष ठरलेले होते. तरीही ती नागरिकांची सभा झाली नाही, कारण नागरिक म्हणविणाऱ्यांपैकी मोठ्या गटाने ती आपली मानली नाही. पुण्यात सरकारने लोकांचा शिक्का नाकारला होता, मुंबईत लोकांनी सरकारी शिक्का नाकारला. याच सुमारास सभा चौपाटीवर, मैदानांवर आणि गिरणगावात होऊ लागल्या होत्या. तेथे शेरीफाच्या विनंतिपत्राची कोणाला आठवणही होण्याचे कारण नव्हते.

उरलेले काम

स्वातंत्र्यानंतर मुंबई आणि कलकत्ता येथे हे पद टिकले. मद्रासमध्ये ते विसाव्या शतकाच्या अखेरीस रद्द झाले. मुंबईत राज्य सरकार एखाद्या मान्यवराला एका वर्षासाठी नगरपाल नेमी. अभिनेते दिलीपकुमार १९८० मध्ये आणि क्रिकेटपटू सुनील गावसकर १९९४ मध्ये या पदावर आले. उद्योगपती विजयपत सिंघानिया २००५ मध्ये, तर शिक्षणक्षेत्रातील डॉ. इंदू शहानी २००८ मध्ये नियुक्त झाल्या. कोलकात्यात २००१ मध्ये रवींद्रसंगीताच्या गायिका सुचित्रा मित्र या पहिल्या महिला शेरीफ झाल्या. परदेशी पाहुण्यांचे स्वागत आणि समारंभांची उपस्थिती हे काम वर्तमानपत्रांत दिसते. पुण्याला १५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका मिळाली आणि ‘प्रथम नागरिक’ म्हणून महापौर आले. त्यांच्याकडेही कार्यकारी सत्ता नाही, ती आयुक्तांकडे आहे. परंतु महापौर निवडून आलेल्या नगरसेवकांतून येतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा प्रथम नागरिकाची जागाही कित्येक वर्षे रिकामी राहिली.

समारंभांच्या छायाचित्रांत न दिसणारे नगरपालाच्या कार्यालयाचे एक काम मात्र चालू राहिले आहे. एखाद्या परदेशी जहाजाने इंधनाचे पैसे बुडविले किंवा खलाशांचे पगार थकविले, तर उच्च न्यायालयात थेट जहाजाविरुद्ध दावा लावता येतो. २०१७ च्या कायद्याने या अधिकारितेला आता संसदेचा आधार मिळाला आहे. न्यायालयाने अटकेचा आदेश दिला की नगरपाल कार्यालयाचे अधिकारी बंदरात जाऊन वॉरंट जहाजावर चिकटवितात, बंदर आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना कळवितात, आणि हजारो टनांचे ते जहाज जागचे हलू शकत नाही. मालकाने तारण दिले नाही तर जहाजाचा लिलाव होतो, रक्कम न्यायालयात जमा होते आणि दावेदारांत अग्रक्रमाने वाटली जाते. त्यात खलाशांच्या वेतनाचे स्थान बरेच वरचे असते. महिनोन्‌महिने पगाराविना बंदरात अडकलेल्या खलाशाला ज्या कागदामुळे घरी जाण्याचे पैसे मिळतात, त्या कागदावर मुंबईच्या नगरपालाचा उल्लेख असतो, मग त्या वर्षी ते पद कोणाकडे आहे हे त्याला ठाऊक असो वा नसो.